रोजचे रंग

परवां माझ्या पुतणीनें माळ्यावरच्या पेटींतून माझा जुना कॅमेरा शोधून काढला. धूळ पुसून, त्याच्या कळा दोनचार वेळां दाबून पाहून ती माझ्यापुढें उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ह्यानं रोजचे फोटो काढायचे तर कोणती रंगीत फिल्म घालू?" तिच्या हातांतल्या फोनमध्यें हजारों फोटो मावतात, ह्या कॅमेऱ्यांत मावणार अवघे छत्तीस. तरीहि तिला ते छत्तीसच हवे होते. मला तिच्या हौसेचें कौतुक वाटलें, आणि खरें सांगायचें तर थोडें भयहि वाटलें. कारण हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं, हें मी आईच्या एका फोटोपायीं शिकलों आहें.

प्रथम मीं तिला व्यवहाराच्या चार गोष्टी सांगितल्या. फिल्मच्या डबीवर १००, २००, ४०० असे आंकडे असतात. आंकडा दुप्पट झाला कीं फिल्मला निम्मा प्रकाश पुरतो. भर उन्हांत हिंडावयाचें असेल तर १०० किंवा २०० ची फिल्म पुरे. पण आपलें रोजचें आयुष्य उन्हांत थोडेंच चालतें? तें स्वयंपाकघरांत, जिन्यावर, पावसाळ्यांतल्या खिडकीपाशीं चालतें; म्हणून ४०० ची बरी. तिचा कण थोडा जाड उमटतो. परंतु हललेल्या फोटोपेक्षां जाड कण केव्हांहि पत्करला. दिवसाच्या प्रकाशासाठीं केलेली फिल्म तारेच्या पिवळ्या दिव्याखालीं सारें घर हळदीनें माखल्यासारखें दाखविते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

रंगीत फिल्मच्या दोन जाती आहेत. स्लाइडची जात कडक शिस्तीच्या मास्तरांसारखी. प्रकाशाचा अंदाज अर्ध्या पायरीनें चुकला कीं छडी उगारलीच. निगेटिव्हची जात आजीसारखी. प्रकाश थोडा अधिक झाला तरी ती चूक पदराखालीं घेते. मात्र तिला उपाशी ठेवलें तर तीहि रुसते आणि सावल्या मातकट होऊन बसतात.

शिवाय फिल्म घेण्यापूर्वी ती धुवून कोण देणार, हें विचारावें. कोडाक्रोम नांवाची प्रसिद्ध फिल्म १९३५ सालीं निघाली. ती सिद्ध करणारे लिओपोल्ड मॅनेस व लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेहि संगीतज्ञ होते. एक पियानो वाजवी, दुसरा व्हायोलिन. तिच्यांत रंग मुळांत नसतच; धुतांना ते एकेका थरांत भरावे लागत. ही विद्या फार थोड्या प्रयोगशाळांना साधली. २००९ मध्यें तिचें उत्पादन बंद झालें, आणि २०१० च्या अखेरीस ती धुणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेनेंहि रोल घेणें थांबविलें. ज्यांच्या कपाटांत एखादा रोल राहून गेला, त्यांचे त्यांतले रंग कायमचे हरपले. रोजच्या निगेटिव्हचें तसें नाहीं. तिचा सी-४१ हा विधि १९७२ पासून चालत आलेला आहे आणि मोठ्या शहरांतून तो करून देणारीं माणसें अजून सांपडतात.

हें सारें ऐकून पुतणी म्हणाली, "पण काका, सगळ्यांत खरे रंग कोणत्या फिल्मचे?"

हा मात्र मर्माचा प्रश्न होता. कोणतीहि फिल्म जग जसेंच्या तसें दाखवीत नाहीं. प्रत्येकीचें आपलें एक मत असतें. १९९० सालीं निघालेली व्हेल्विया हिरव्याला अधिक हिरवें करते. श्रावणांतल्या कोंकणावर ती वापरणें म्हणजे भरल्या पोटीं बासुंदीचा आग्रह! १९९८ मध्यें आलेली पोर्ट्रा माणसांच्या चेहऱ्यांसाठीं केलेली. तिचे रंग मवाळ. साधी, स्वस्त गोल्ड फिल्म साऱ्या जगाला दुपारच्या उन्हाची किंचित् ऊब देते. मतें फिल्मचीं असतात, तशीं आपलींहि असतात. आणि आपलीं अधिक हट्टी असतात.

१९८४ च्या उन्हाळ्यांतली गोष्ट. वाईच्या घरीं आई पडवींत गहूं निवडीत बसली होती. मागें नुकतीच चुन्यानें रंगविलेली भिंत, बाजूला तुळस, आणि अंगावर तिचें आवडतें गर्द अंजिरी लुगडें. मीं फोटो काढला. पुण्याहून छापून आला तेव्हां तो मला काळवंडलेला वाटला. वास्तविक त्यांत वावगें कांहींच नव्हतें. लुगडें अंजिरी होतें, तुळस हिरवी होती आणि आई सावळी होती. परंतु मुलींचीं स्थळें सांगतांना 'गोरी', 'निमगोरी', 'उजळ' असे शब्द तराजूंत घालणाऱ्या समाजांत माझी नजर घडलेली. शिवाय फोटो चारचौघांना दिसेल असा भिंतीवर लावावयाचा! मीं निगेटिव्ह परत पाठविलें आणि सोबत लिहिलें, 'चेहरा जरा उजळ करावा.'

छापणाऱ्यानें सांगितल्याप्रमाणें केलें. पण एकटा चेहराच कसा उजळणार? छापतांना कागदाला प्रकाश कमी दिला कीं सारेंच चित्र फिकटतें. आईचा चेहरा गव्हाळ झाला. त्याबरोबर तुळस पिवळटली आणि भिंतीवरचे चुन्याचे ओघळ नाहींसे झाले. आईनें तो फोटो बराच वेळ हातांत धरला. चेहऱ्याविषयीं ती एक अक्षर बोलली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "माझं अंजिरी लुगडं कुठं गेलं रे?"

मला उत्तर सुचलें नाहीं. तोच फोटो चौकटींत बसला, आणि आई गेल्यावर त्यालाच हार पडला.

पुढें माझ्या वाचनांत आलें कीं, रंग जुळविण्यासाठीं अमेरिकेंतून छापणाऱ्यांकडे जें नमुन्याचें चित्र जात असे, त्यांत वर्षानुवर्षें एक गोरी स्त्री असे. तिला 'शर्ली' म्हणत. तिची कांति बरोबर उमटली कीं रंग बरोबर, असा हिशोब! १९९० च्या दशकांत त्या चित्रांत निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया आल्या. म्हणजे माझ्या चुकीला संगत मोठी होती. पण संगत मोठी म्हणून चूक लहान ठरत नाहीं. माझ्या फिल्मनें तर आईला सावळीच पाहिलें होतें. उजळ हवी होती ती मला.

पुतणीहि आजीसारखीच सावळी आहे. ती सारें मुकाट्यानें ऐकत होती. मीं तिला म्हटलें, "४०० ची साधी निगेटिव्ह फिल्म घे आणि निदान दहा रोल होईतों ती बदलू नकोस. एकीबरोबर संसार केल्यावांचून तिचा स्वभाव कळत नाहीं. पांढऱ्या भिंतीपुढं माणूस बसलं असेल, तर कॅमेरा भिंतीला भुलतो आणि चेहरा अंधारांत टाकतो. म्हणून प्रकाश चेहऱ्याजवळ जाऊन मोज. मग जें उमटेल, तें उमटूं दे."

"आजीचं ते निगेटिव्ह आहे अजून?" तिनें विचारलें.

तें होतें. त्याच पेटीच्या तळाशीं, कागदाच्या पाकिटांत, नारिंगी रंगाची चार चित्रांची पट्टी. उजेडासमोर धरली, तेव्हां लुगड्याच्या जागीं हिरवट छटा दिसली. निगेटिव्हमध्यें रंग उलटे असतात. इतकीं वर्षें ती पट्टी आपलें म्हणणें पोटांत धरून बसली होती.

संध्याकाळीं आम्ही दोघें दुकानांत गेलों. पुतणीनें आपली फिल्म घेतली. मीं ती पट्टी दुकानदारापुढें ठेवली आणि म्हणालों, "ह्यांतला दुसरा फोटो छापायचा. उजळ करूं नका."