दहा तारीख उलटली

दहा तारीख उलटली, तरी दोघांची फी आलेली नाही. पाळणाघरात पैशांचा विषय काढणं अवघडच. दिवसभर ज्याला वरणभात भरवला, त्याच्याच आईकडे तगादा कसा लावायचा? पण दूधवाला आणि मदतीच्या मावशी थोड्याच थांबतात! १८७२ च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही चालतो, पण सिद्ध कोण करत बसणार? म्हणून मी प्रवेशालाच कागद करते: फी आगाऊ, पाच तारखेच्या आत; मूल गावाला गेलं तरी पूर्ण; संध्याकाळी सातनंतर जादा आकार; महिन्याची अनामत. सगळे न वाचताच सही ठोकतात.

"काकू, पगार झाला की लगेच जीपे करते," मघाशी एकीनं सांगितलं. तिचा पगार खरंच रखडलाय. तिला मुदत दिली. दुसऱ्यांनी मात्र परवाच नव्या गाडीचे पेढे आणले होते. त्यांना उद्या कागद दाखवणार.