मत देण्याचे सुख

फुकट मिळणारी सुखे जगात आता फार थोडी उरली आहेत. त्यांत मत देण्याच्या सुखाला मी पहिला मान देईन. आमच्या घराजवळच्या बागेत रोज सकाळी आम्ही पाच-सहा पेन्शनर जमतो. गुडघ्यांच्या तक्रारी पहिल्या दहा मिनिटांत आटोपतात आणि मग वर्तमानपत्र उघडते. संगणकाच्या पोटात काय असते हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नाही. परंतु संगणकाच्या धंद्यातली बातमी आमच्या मताशिवाय बागेबाहेर गेल्याचे मला स्मरत नाही. कुठल्या कंपनीने माणसे कमी केली, कोणी नवे बोलके यंत्र काढले, सगळ्यांचा निकाल चहा निवायच्या आत लागतो.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस अशीच एक बातमी आली. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती एका मुलाखतीत म्हणाले होते की, देशाची उत्पादकता वाढवायची तर तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन आणि जपानी लोकांनी असेच कष्ट उपसले. झाले! घराघरांत दोन तट पडले. मी अर्थातच मूर्तींच्या तटात होतो. १९८१ साली आमच्या या पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर ज्यांनी कंपनी उभारली, त्यांनी कष्टांविषयी बोलायचे नाही तर कोणी, असे मी ठणकावून विचारले. वर, ‘हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत’ हेही वाक्य जोडून दिले. हे वाक्य कोथिंबिरीसारखे आहे. कुठल्याही मतावर भुरभुरले तरी शोभते.

घरी आल्यावर जेवताना तेच मत मी पुन्हा वाढले. आमची मुलगी हिंजवडीच्या एका कंपनीत आहे. आठवड्यातले दोन दिवस तिकडे जाते, एरवी घरच्याच खोलीत तिची कचेरी असते. आमटीचा भुरका घेत ती शांतपणे म्हणाली, “सत्तरच का बाबा? मग माझे दोन-चार तास वाचतील.”

मी हसलो. पण तो विनोद घशाखाली उतरेना. त्याला कारण होते. पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम-ऑफिसमध्ये मी एकतीस वर्षे काढली. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे टिपण्यावरच माझा संसार झाला. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला मुलीचे हजेरीपत्रक मांडले. लॅपटॉप उघडला की वेळ टिपायची, मिटला की टिपायची. जेवणाची वीस मिनिटे प्रामाणिकपणे वजा. रात्री अमेरिका उजाडली की पुन्हा एक नोंद. सात दिवसांची बेरीज ७३ तास भरली. जुन्या सवयीने पडताळा घेतला, ७३ च!

टाइम-ऑफिसात आमचा एक आकडा ठरलेला असे: ४८. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची ती मर्यादा घातली होती. त्याच्यावर गेलेल्या तासांना दुप्पट दराने ओव्हरटाइम. ती नोंद मी स्वतःच्या हाताने करीत असे. माझ्या मुलीच्या वरच्या २५ तासांची नोंद जगात कोठे असेल, तर ती त्या कॅलेंडरच्या पाठीवर! भोंगा झाला की आमचा कारखाना सुटे. लॅपटॉपला भोंगा नसतो.

आणि रविवारचा रकाना? तोही भरलेला होता. तो पाहून मला आजोबा आठवले. ते परळच्या गिरणीत साचे चालवीत. रविवारी मला खांद्यावर घेऊन राणीच्या बागेत नेत आणि म्हणत, “हा वार लोखंड्यांनी मिळवून दिला हो!” नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि आठवड्याची एक सुटी मागितली, ती मिळायला १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. तोवर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत साचा हलत असे. आजोबांच्या वडिलांना पहिली काही वर्षे रविवार ठाऊकच नव्हता. इतक्या खटपटीने घरात आलेली ही वस्तू आमच्या घरातून कधी गेली, हे माझ्यासारख्या हजेरीवाल्यालाही कळले नाही.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही रविवारीच आले होते, १२ नोव्हेंबरला. पहाटे हिने पाट मांडला, रांगोळी घातली, मुलीच्या केसांना तेल चोळले आणि तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ होती. तिथल्या गिऱ्हाइकाचे कामकाज थंडावले की यंत्रणेत नवे बदल चढवायचे असतात. डोक्यावर तेल, खांद्यावर पंचा अशा थाटात मुलगी लॅपटॉपपुढे बसली. कॅमेरा तेवढा बंद होता. मी उटण्याची वाटी घेऊन दारात उभा. उटणे वाळले, पाणी दोनदा तापवले. उन्हे अंगणात आल्यावर ती उठली, कारीट फोडले आणि हसून म्हणाली, “नरकासुराला सांगा बाबा, मीटिंग लांबली.”

ही हसली. मला हसता आले नाही.

मूर्तींविषयीचा माझा आदर आजही तेवढाच आहे. स्वतःच्या शेतात पाण्याची पाळी धरायला माणूस मध्यरात्री उठतो आणि त्याला शीण जाणवत नाही. पण दुसऱ्याच्या शेतात पाळी धरणाऱ्याला तोच हिशोब लावताना, त्याचा पाट घरी किती वेळ रिकामा राहिला, हे एकदा पाहून यावे. मी ते घरातच पाहिले, आणि तेही मत देऊन झाल्यावर.

पुढे २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे बोलणे गाजले. आठवड्याला ९० तासांची गोष्ट त्यांनी केली; रविवारी माणसांकडून काम करून घेता येत नाही, याची खंतही बोलून दाखवली. कट्ट्यावर रण माजले. मंडळी माझ्याकडे वळून म्हणाली, “बोला, तुमचे मत काय?”

म्हटले, “आज रविवार आहे. आज मी मत देत नाही.”

घरी आलो तेव्हा आठ वाजून गेले होते. मुलीच्या खोलीचे दार लोटलेले होते. मी चपला हातात घेऊन आत आलो आणि हिला खुणेनेच सांगितले, कुकर जरा उशिरा लाव.