साडेचौदा सेकंदांची चांदणी

चांदणी हाती लागली की गाणं बदलायचं. ‘सुपर मारिओ’च्या पहिल्याच टप्प्यात विटांच्या रांगेत एक वीट अशी आहे की तिला खालून डोकं मारलं की आतून चांदणी निघते, टुणटुण उड्या मारत पळत सुटते आणि वेळेत पकडली नाही तर पडद्याबाहेर निघूनही जाते. पकडली, की मारिओचे रंग लखलखू लागतात. इतका वेळ ज्या कासवाला बिचकून टाळलं, त्याच्या अंगावर बिनधास्त धावून जायचं. आणि नेहमीची चाल मधेच टाकून देऊन एक धावरी, उतावळी चाल सुरू व्हायची. आमच्या गल्लीत म्हणायचे, “मारिओच्या अंगात आलं!”

मंगळवेढ्यात हा खेळ नव्वदच्या दशकात आला, तो जपानी यंत्राच्या स्वस्त नकलेतून. कॅसेट फुंकून बसवायची, दोघांच्या हाती रिमोट, बाकीची पोरं पंच. मागं उभ्या असलेल्यांना पडदा दिसायचा नाही, पण त्यांचं अडायचं नाही. कुणी मेला, कुणाला चांदणी मिळाली, हे त्यांना कानानं कळायचं. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात हेच होतं. माणसांच्या भिंतीमागून पैलवान दिसत नाहीत, पण हलगी चढली की समजायचं, पकड लागली. फरक एवढाच की हलगीवाला पैलवानाकडे बघून वाजवतो. जोर आधी, हलगी त्याच्यामागून. चांदणीचं उलटं होतं. ती कुणाकडे बघायची नाही. वाजायला लागली की जोर आलाच, आणि मोजूनमापून आला.

ही चाल कोजी कोंदो यांची. १९६१ साली नागोयात जन्मलेले कोंदो १९८४ मध्ये क्योतोच्या निन्तेन्दो कंपनीत लागले आणि पुढच्याच वर्षी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. हाताशी आवाज किती, तर सुरांचे तीन आणि एक नुसती खरखर, तिच्यातून ताल काढायचा. त्यातही मारिओनं उडी मारली किंवा नाणं टिपलं की त्या आवाजासाठी चौघांतला एक तेवढ्यापुरता गप्प बसे. एवढ्या तुटपुंज्या संसारात त्यांनी चांदणीची चाल बसवली: दोन छोटे तुकडे, दुसरा पहिल्याच्या एक पायरी खाली, की लगेच परत वर. सम म्हणून कुठं टेकणं नाही, शेवट नाही. तो तुकडा फिरतच राहतो आणि एकाएकी तोडला जातो. मूळ चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, जणू मधे काही घडलंच नव्हतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत मारिओचं संगीत घेतलं. व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला. पण तो मिळाला मुख्य चालीला. चांदणीची चाल बिचारी पाहुणी, तिला कोण विचारतो! मला विचाराल तर त्या खेळातली खरी करामत तीच आहे.

कारण ती घड्याळ आहे. पडद्यावर कुठंही लिहिलेलं नसतं की जोर किती उरलाय. गाणं आहे तोवर आपण आहोत. आणि त्यातही कुणी तरी दयाळूपणा ठेवलाय: गाणं थांबतं ते जोर संपायच्या किंचित आधी. जुनी चाल सुरू झाल्यावरही सेकंद-दीड सेकंद मारिओला काही होत नाही. हे आमच्यातल्या पट्टीच्या खेळाडूंना ठाऊक होतं. गाणं थांबल्यावरही ते एक कासव उडवायचे आणि बाकीच्यांकडे बघायचे. चांदणीचा उपयोग फक्त शत्रूंपुरता. खड्ड्यात पडलात तर ती वाचवत नाही, आणि वाजत्या गाण्यानिशी खड्ड्यात जाणारे आमच्याकडे पुष्कळ होते. लाइट गेली तर विषयच संपला.

पुढं या चालीनं बरीच घरं बदलली. १९८८ च्या तिसऱ्या भागात ती जवळपास तशीच आली. १९८९ च्या ‘सुपर मारिओ लँड’मध्ये तिला सुट्टी देऊन ऑफेनबाखचा कॅन-कॅन वाजवला, हे काही मला पटलेलं नाही. १९९६ च्या ‘मारिओ ६४’ मध्ये मारिओला पंखांची टोपी मिळते, तो हवेत उडतो, ती जोर देणारी चांदणी दिसतही नाही. पण त्याला उडवते ती हीच चाल, नवे कपडे घालून. २००७ च्या ‘गॅलक्सी’त ती पुन्हा इंद्रधनुष्यी चांदणीबरोबर आली.

पुण्यात भाचा हे जुने खेळ नव्या यंत्रावर खेळत होता आणि मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. ती पंखांची टोपी मी कधी पाहिलेली नव्हती, तरी आतूनच ओरडलो, “चांदणी मिळाली का रे?” तो म्हणाला, “मामा, इथं चांदणी नाहीये.” नव्हती, पण ती होती. मंगळवेढ्याच्या माणसानं असं कानानं ओळखावं यात नवल नाही. १३३८ मध्ये आमच्या गावचा गावकूस कोसळून चोखोबा त्याखाली गेले. नामदेव आले, तेव्हा ढिगाऱ्यातली कुणाची हाडं कुठली, हे डोळ्यांना कळणारं नव्हतं. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती त्यांनी उचलली आणि पंढरपुरास महाद्वारी नेली, असं लहानपणापासून ऐकलंय. त्या थोर गोष्टीशेजारी माझा चहा ठेवायचा नाही. कानावर भरवसा ठेवायचं वळण तेवढं तिथलं.

पण त्याच कानानं पुढं भांडण लावलं. भाच्यानं मला खूश करायला मूळ १९८५ चा खेळ लावला, चांदणी पकडली, आणि मी म्हटलं, “ही पळवलीये कुणी तरी.” सूर तेच, लय मात्र घाईची. मग शोधून काढलं. जपानी टीव्हीवर सेकंदाला साठ चित्रं, आपल्याकडे पन्नास, आणि खेळाचं घड्याळ चित्रं मोजून चालतं. नकली यंत्रावर तो खेळ काही फेरफार न करता चालवला, की सगळं सहाव्या हिश्शानं मंदावतं: मारिओ, कासवं, गाणं, सगळंच. जपानी पोरांना मिळणारा सव्वाबारा सेकंदांचा जोर आमच्याकडे साडेचौदाच्याही थोडा पुढं जायचा.

“मामा, पण ओरिजिनल हीच आहे,” भाचा म्हणाला.

“असेल,” मी म्हटलं, “पण क्योतोच्या पोरांना विचार, त्यांचे दोन सेकंद कुणी खाल्ले.”