परळ-प्रभादेवीचा जिना

मुंबईंतील प्रेक्षणीय स्थळांत परळ व प्रभादेवी हीं स्टेशनें कोणी धरीत नाहीं. तरी वाचकहो, लोकवस्तीचा आणि आगगाडीचा संबंध कसा असतो हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें सकाळीं नऊच्या सुमारास येथल्या जिन्याच्या कडेला घटकाभर उभें राहावें. मध्य रेल्वेचें परळ आणि पश्चिम रेल्वेचें प्रभादेवी हीं अगदीं शेजारीं शेजारीं. एका रेल्वेवरून दुसरीवर जाणारे, पूर्वेच्या रुग्णालयांकडे निघालेले आणि पश्चिमेच्या कचेऱ्यांकडे धांवणारे, असे तीन प्रवाह येथें एकमेकांस छेदितात.

पूर्वीं हा सारा गिरणगांव. कामगार जवळच्या चाळींत राहात आणि भोंगा झाला कीं पायींच गिरणीकडे निघत. १९८२ च्या जानेवारींत सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला, पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे उभे राहिले. चाळींतून चालत येणाऱ्याच्या जागीं विरार-कल्याणाहून लोकलनें येणारा नोकरदार आला. मजल्यांस मंजुरी मिळाली. त्या मजल्यांवर बसणारा माणूस कोणत्या जिन्यानें उतरेल, हा प्रश्न मात्र मागें राहिला. फलाट रेल्वेचे, रस्ता महापालिकेचा. संस्कृतांत देहलीदीपन्याय आहे: उंबऱ्यावरचा दिवा घरांत आणि अंगणांत सारखाच उजेड देतो. स्टेशनाचा जिना हा असाच उंबरा होय. पण येथें घरवाल्यास तो अंगणाचा वाटे व अंगणवाल्यास घराचा.

परिणाम सर्वांस ठाऊक आहे. २९ सप्टेंबर २०१७, खंडेनवमीचा दिवस. पाऊस कोसळत होता म्हणून लोक जिन्यावरच थबकले. मागून गाड्या भरभरून येतच होत्या. त्या चेंगराचेंगरींत २३ जीव गेले. पूल पडला नव्हता, तो केवळ अपुरा होता. आणि तो अपुरा आहे असें प्रवासी आधींपासूनच सांगत होते. त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांनीं नवा पादचारी पूल बांधला व २७ फेब्रुवारी २०१८ रोजीं तो खुला झाला. म्हणजे काम पांच महिन्यांचें होतें! त्याच वर्षीं जुलैंत एल्फिन्स्टन रोडचें प्रभादेवी असें नामांतरहि झालें. नांवास माझा आक्षेप नाहीं, पण पाय नांवावर ठेवतां येत नाहीं.

मला अधिक चिंता वाटते ती रोग्यांची. १९२६ चें के. ई. एम. आणि १९४१ चें टाटा हीं दोन्ही रुग्णालयें पूर्वेच्या बाजूस. पश्चिम रेल्वेनें येणाऱ्यास रूळ ओलांडल्यावांचून तेथें पोहोंचतां येत नाहीं. कांखेंत तपासण्यांचे कागद, एका हातीं डबा, दुसऱ्या हातीं म्हातारीचा दंड, अशीं मंडळी जिना चढतांना नित्य दिसतात. मध्येंच टेकावें तर मागची गर्दी पुढें लोटते. नोकरदाराची पांच मिनिटें गेलीं तर लेटमार्क लागतो. दम्याच्या रोग्याचे तेवढ्यांत प्राण कासावीस होतात.

हें टाळतां येतें, याचा दाखला खाडीपलीकडे आहे. १९९२ सालीं वाशीस रेल्वे पोहोंचली, त्या मार्गाच्या खर्चाचा सुमारें दोनतृतीयांश भाग सिडकोनें उचलला. नगर आणि स्टेशन एकाच नकाशावर आंखलें गेलें. परळास तसें कोरें पान मिळणार नाहीं, हें खरें. परंतु सप्टेंबर २०२५ मध्यें येथला रूळांवरील जुना रस्तापूल बंद करून पाडावयास घेतला, तो वरळी-शिवडी जोडरस्त्याच्या दुमजली पुलाकरितां. त्या पुलानें चालणारेहि पुष्कळ होते. नव्या पुलावरून मोटारी किती जातील याचा हिशेब झालाच असेल. चालणाऱ्यांचाहि व्हावा: पदपथ किती रुंद, उद्वाहक कोठें, जिन्याचा पायथा फेरीवाल्यांपासून व रिकाम्या टॅक्सींपासून मोकळा कोण ठेवणार, आणि चाकांची खुर्ची पश्चिमेच्या फलाटावरून थेट रुग्णालयाच्या दारापर्यंत न उचलतां जाईल कीं नाहीं. आराखड्यावर सही करण्यापूर्वीं के. ई. एम.च्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर बांकांवर बसलेल्यांस, आपण कोणत्या वाटेनें आलांत, एवढें एक सकाळभर विचारावें.