सतराच्या जागी दोन एकोणीस

कराडला अण्णांचं मोटारी भरायचं दुकान होतं. एप्रिल-मे लागला की व्होल्टेज पडायचं, विहिरींवरच्या मोटारी पटापट जळायच्या, आणि उसाचं पाणी थांबलेला शेतकरी दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसायचा. अण्णा जळक्या कॉइलचं एक टोक तोडत, त्यावरचं काळं इनॅमल खरवडत आणि भिंतीवरचं गेज काढत. पंजाएवढी पोलादी चकती, कडेनं फटी, फटीपुढे 1 ते 36 आकडे, आणि प्रत्येक फटीच्या बुडाशी एक गोल भोक. मी पहिल्यांदा तार भोकात घातली तेव्हा अण्णा हसले. "आरं, भोकात न्हवं, फटीत बघायची."

या गेजचा उलटा कारभार समजायला मला वर्ष लागलं. आकडा वाढतो तशी तार बारीक होते. 36 नंबरची तार जवळजवळ केसासारखी. कारण तार ओढून बारीक करतात. पट्टीच्या लहानलहान होत जाणाऱ्या भोकांतून जितक्या वेळा ओढली, साधारण तितका नंबर. म्हणजे आकडा जाडीचा नव्हताच मुळी, कष्टाचा होता. अण्णांच्या चकतीवरचे नंबर ब्रिटिशांचे, 1884 पासून तिकडे कायद्यानं ठरलेले. आपल्याकडे मेट्रिक मापं आली, शेर आणि मैल गेले, पण दुकानात सतरा, एकोणीस, बावीसच चालत राहिलं.

हवा तो नंबर नेमका ऐन हंगामात संपायचा. एकदा सतरा नव्हती. अण्णांनी भिंतीवर पेन्सिलीनं हिशेब मांडला. एकोणीस नंबर 40 थाऊ, म्हणजे इंचाचे 40 हजारावे भाग. 40 × 40 = 1600, दोन तारांचे 3200. सतरा नंबर 56 थाऊ, 56 × 56 = 3136. "बसतंय. दोन एकोणीस घाल."

मी नववीत होतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ नुकतंच शिकलेलो. म्हटलं, "अण्णा, पाय कुठाय?"

"दोन्हीकडं हायच की. मग लिवायचा कशाला?"

डिप्लोमा करून मी भोसरीत एका पॅनेलच्या कारखान्यात लागलो. माल अमेरिकेला जायचा. ड्रॉइंगवर तारांचे नंबर पाहून मला माहेर भेटल्यासारखं झालं. तिकडून 14 नंबरच्या एकेरी तारेचा तुकडा नमुन्याला आला होता. मी ऐटीत अण्णांची चकती काढली. चौदाच्या फटीत तार खुळखुळली. पंधरातही. घट्ट बसली ती सोळात.

अमेरिकनांचा नंबर वेगळा निघाला. 1857 मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या ब्राऊन अँड शार्प या अवजारं करणाऱ्यांनी तो बसवला. सगळ्यात जाड, म्हणजे चार शून्यांची तार 0.46 इंच, 36 नंबरची 0.005 इंच, आणि मधल्या 39 पायऱ्या सारख्याच पटीनं उतरत्या. ब्रिटिशांच्या नंबरांत असा सरळ हिशेब नाही. अमेरिकन नंबर तीननं कमी केला की तांब्याचं क्षेत्रफळ दुप्पट, दहानं कमी केला की दहापट. पावकी-निमकीसारखं पाठ करावं इतकं देखणं. 10 नंबर 5.26 चौरस मिलिमीटर, 7 नंबर साडेदहा, 4 नंबर एकवीस. चार शून्यांच्याही पुढे नंबर संपतात, तिथे ते व्यासाच्या थाऊंचा वर्ग सांगतात. पाय न घेता. हे वाचलं त्या रात्री मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "मग काय, त्येंच्याकडं बी मोटारी जळत असतील."

आमच्या स्टोअरमध्ये मात्र मेट्रिक माल: दीड, अडीच, चार, सहा. बोलताना सगळे "अडीच एमएम" म्हणत. त्यातला चौरस कधीच गळून पडला होता. आणि भिंतीवर एक तक्ता, ज्यात अडीचसमोर 12 लिहिलेलं. अडीच खरं तर कुठेच बसत नाही. 14 नंबर 2.08, 12 नंबर 3.31, अडीच मधे लोंबकळतं. मेट्रिक तारेच्या जागी अमेरिकन घ्यायची तर जाडीकडे सरकून 12 घ्यावी. पण ड्रॉइंगवर 12 असेल तर अडीच चालणार नाही, चारच लागेल. हा तक्ता एकाच दिशेनं वाचायचा असतो, आणि तेवढीच एक गोष्ट त्यावर लिहिलेली नव्हती.

तारांवर निभावलं, लगवर, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपीवर, फसलो. एका ऑर्डरला 10 नंबरची तार तिकडूनच मागवली होती. लग मात्र स्टोअरमधले, चारचे. तक्त्यात 10 समोर 4 होतं ना! संध्याकाळी लाइनवर गेलो तर वायरमन कटरनं तारेचे चार-पाच पदर छाटत होता, उरलेले पिळून लगमध्ये कोंबत होता. टेबलाखाली तांब्याचे तुकडे चमकत होते. "जात नाही ना साहेब," तो म्हणाला. त्याला काय बोलणार? तक्ता लावणारा मीच होतो. रात्रभर बसून सगळे लग उलगडले.

गेल्या वर्षी घरी एसी बसवायचा होता. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काका, सात-वीस आणतो." सात तारा, वीस नंबरच्या, या पोराच्या जन्माआधी बाजारातून गेलेली वायर. दुकानातून तो चार एमएमचं बंडल घेऊन आला. सात-वीसचा हिशेब साडेचारच्या वर जातो, पण दुकानदारानं विचारलं नाही, यानंही नाही.

त्यानं टोक सोललं. पदर 0.3 मिलिमीटरचे, छप्पन्न असायला हवेत. मी चष्मा लावला.

"काय करताय काका?"

"मोजतोय. धर जरा."