नालासोपारा ते कुरार: अम्मींचं कार्ड

अम्मींची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या खाला, मालाड पूर्वेला कुरारमध्ये राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांचं घराबाहेर पडणं जवळजवळ थांबलं. अम्मींना वाटतं, दर आठवड्याला बहिणीला भेटून यावं. आम्हा दोघांना सुट्टी रविवारची, आणि त्यातलेही कितीतरी रविवार शाळेचे पेपर तपासण्यात जातात. "मी एकटी जाते," असं अम्मी म्हणायच्या आणि आम्ही "नको" म्हणायचो.

खरं सांगायचं तर आम्हाला गर्दीपेक्षा तिकिटाची धास्ती जास्त होती. अम्मी उर्दू झरझर वाचतात, मराठी पाट्या अडखळत का होईना वाचतात. पण मशीनच्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या की बुजतात. खिडकीवरच्या लांब रांगेत त्यांचे पाय दुखतात. म्हणून एका रविवारी आम्ही ठरवलं, त्यांच्यासोबत जायचं, पण त्यांना नेण्यासाठी नाही, रस्ता शिकवण्यासाठी.

आमचं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. अरब प्रवासी याला 'सुबारा' म्हणत. तेव्हा इथला माणूस समुद्राकडे बघून जगायचा. आता लोकलच्या घड्याळाकडे बघतो. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली, तेव्हा दिवसाला जायला एक आणि यायला एक एवढंच होतं. आज विरार ते चर्चगेट हे साठ किलोमीटर ओलांडल्याशिवाय इथल्या हजारो घरांत चूल पेटत नाही.

आगाऊ पैसे भरून प्रवास करण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पास आहेच. आमच्या कॉलेजच्या दिवसांत पुठ्ठ्याचं जाड तिकीट होतं, पुढे कूपनं आली. कूपनांची पुस्तिका आधीच घेऊन ठेवायची आणि स्टेशनवरच्या यंत्रात लागतील तेवढी कूपनं घालून शिक्का उमटवायचा. घाईत शिक्का फिका उमटला, की टीसी दिसेपर्यंत जीव टांगणीला. कूपनं बंद झाली आणि स्मार्ट कार्डाची मशीनं राहिली. कार्ड मशीनवर ठेवायचं, पडद्यावर स्टेशन निवडायचं, तिकीट बाहेर. अम्मींना आम्ही हेच शिकवलं. मशीनपाशी बहुधा तिकीट काढून देणारे मदतनीस उभे असतात, त्यांना स्टेशनचं नाव सांगितलं तरी चालतं.

दुपारची धीमी लोकल निवडली. बायकांच्या डब्यात अम्मी आणि आमची दहावीतली लेक यांना बसायलाही मिळालं. नायगावनंतर खाडीचा पूल आला तेव्हा अम्मींनी नेहमीप्रमाणे पुटपुटत दुआ वाचली. भाईंदर, मीरा रोड, मग दहिसर. तिथून रिक्षाने दहिसर पूर्वच्या मेट्रो स्टेशनला गेलो. कुरारचं स्टेशन याच मार्गावर आहे. एप्रिल २०२२ मध्ये हा मार्ग सुरू झाला.

आणि इथे आमचीच फजिती झाली. लेकीने रात्री घरूनच मोबाइलवर अम्मींच्या कार्डात दोनशे रुपये भरले होते. अम्मींनी बिस्मिल्लाह म्हणून कार्ड गेटला लावलं, गेट उघडेना. मागे माणसं थांबली. अम्मी कावऱ्याबावऱ्या होऊन बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "म्हणून मी म्हणत होते, हे आपलं काम नाही." त्या वाक्याने आम्हाला फार वाईट वाटलं. वर्गात एखादं मूल पहिल्याच गणिताला "मला येत नाही" म्हणतं ना, तसंच.

चूक अम्मींची नव्हती, आमची होती. २०१९ पासून देशात आलेलं हे एकत्रित प्रवास कार्ड, म्हणजे एनसीएमसी, पैसे आपल्या चिपमध्ये ठेवतं. गेट बँकेला विचारत बसत नाही, चिपमधली शिल्लक बघतं आणि क्षणात उघडतं. घरून भरलेली रक्कम एकदा स्टेशनवरच्या यंत्रावर कार्ड लावून चिपमध्ये उतरवावी लागते. ते आम्ही केलंच नव्हतं. खिडकीतल्या मुलीने अर्ध्या मिनिटात ते करून दिलं आणि म्हणाली, "आजी, आता लावा." गेट उघडलं. अम्मी पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्ही अलीकडेच! एका कार्डावर एकच माणूस जातो. आम्हाला कागदी तिकिटं काढावी लागली.

मेट्रो उंचावरून महामार्गाच्या कडेने निघाली. डाव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचे हिरवे डोंगर. अम्मी मात्र स्टेशनांची नावं मराठीत कान देऊन ऐकत होत्या आणि बोटांवर मोजत होत्या: ओवरीपाडा, राष्ट्रीय उद्यान, देवीपाडा, मागाठाणे, पोईसर, आकुर्ली, कुरार. सात.

त्यानंतर दोन आठवड्यांनी बुधवारी अम्मी एकट्या गेल्या. आम्ही दोघंही शाळेत होतो. मधल्या सुट्टीत फोनकडे तीनदा बघितलं. फोन आला तो खालांचा: "आपा पोहोचल्या. आता दोन तास आम्हाला कुणी त्रास देऊ नका." अस्रनंतर अम्मी निघाल्या आणि मग्रिबच्या आत घरी आल्या. पिशवीत खालांनी दिलेलं लिंबाचं लोणचं होतं.

वाचकांच्या घरीही कुणी अम्मी, नानी, फुफी अशाच अडून बसल्या असतील, तर आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगतो. लोकलचं आणि मेट्रोचं कार्ड वेगळ्या रंगाच्या पाकिटांत ठेवा. मेट्रोत उतरल्यावर बाहेर पडतानाही कार्ड लावायचं असतं, हे पक्कं करून घ्या. चिपमधली रक्कम रोख पैशांसारखी असते. कार्ड हरवलं की ती गेली, म्हणून लागेल तेवढीच भरा. आणि लोकलला गेट नाही, तिथे तिकीट काढणं आपल्या इमानावर सोडलेलं आहे, हे मुलांनाही सांगा.

पहिल्या वेळी मात्र सोबत जा. दुसऱ्या वेळी जाऊ नका.