न्यायला येणारा माणूस

माझ्या मुलाने मला पाहिलं आणि तो पळाला. माझ्याकडे नाही, घरामागच्या काजूच्या बागेकडे.

जूनची पाच तारीख होती. मध्यरात्री ठाण्याला तुतारी एक्स्प्रेस पकडून मी सकाळी कणकवलीला उतरलो, तिथून रिक्षाने गावात आलो. पाणंदीच्या वळणावरून आमचं खळं दिसतं. धाकटा चुलत भावासोबत क्रिकेट खेळत होता. त्याने मान वर केली, मला ओळखलं, बॅट तिथेच टाकली आणि दिसेनासा झाला. तो नऊ वर्षांचा आहे. महिनाभर रोज फोनवर ‘बाबा, तू कधी येणार?’ विचारणारा हाच मुलगा.

आई दारात आली. “इलंस? पाय धू, चाय ठेवतंय,” म्हणाली. मग बागेकडे बघून हळूच म्हणाली, “तेका रागाव नको. तू इलंस म्हणजे सुट्टी सरली, ह्यां तेका कळता.”

आमच्या घरात माझं हेच काम आहे. बायको शाळेत शिकवते, त्यामुळे मे महिना लागला की ती मुलांना घेऊन गावी जाते. माझी रजा चार दिवसांची. ती मी शेवटी घेतो, कारण सामान फार असतं आणि दोन मुलं, फणस, आंब्याची साठं, कोकमाची पिशवी हे सगळं तिला एकटीला आणणं जमत नाही. म्हणजे सुट्टीत मी येतो तो सुट्टी संपवायलाच.

खरं तर मी ती त्याच्याही आधी संपवलेली असते. कोकणातल्या गाडीचं तिकीट उन्हाळ्यात मिळवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण खुलायचं, आता ६० दिवस आधी. एप्रिलमध्ये सकाळी आठच्या ठोक्याला मी मोबाइल घेऊन बसतो आणि परतीची तारीख ठरवून टाकतो. तेव्हा धाकट्याची वार्षिक परीक्षाही झालेली नसते. त्याची सुट्टी सुरू व्हायच्या आधी तिचा शेवट माझ्या फोनमध्ये कन्फर्म होऊन पडलेला असतो.

मीही असाच पळायचो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तोवर आमची ये-जा एसटीने होती. रातराणीत बसायचं, कशेडी घाटात ओकायचं आणि दुसऱ्या दिवशी अंग आंबवून उतरायचं. माझे वडील मुंबईत एका छापखान्यात होते. मेच्या शेवटी ते यायचे. खांद्याला रेक्झिनची बॅग, हातात खारी-बटरची पिशवी. ती पिशवी दिसली की माझ्या पोटात खड्डा पडायचा. खारी मला आवडायची, पण ती खाल्ली की मुंबईला जावं लागतं, असं माझं गणित होतं. एका वर्षी मी फणसाच्या झाडावर चढून बसलो. दुपार गेली, संध्याकाळ झाली. ते खाली आले, बुंध्याशी बसले, काहीच बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, “उतर आता. मी पण दमलोय रे.”

ते आता नाहीत. त्या ‘पण’मध्ये काय होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

एक गोष्ट कबूल करतो. मुलं गावी गेली की पहिले आठ दिवस मी मजेत असतो. डोंबिवलीच्या आमच्या घरात रिमोट माझा, पंख्याखालची जागा माझी. कुणी भांडत नाही, कुणाचा डबा नाही. नवव्या-दहाव्या दिवशी मात्र रात्री कुलूप उघडताना आतला अंधार अंगावर येतो. मग मी साडेआठच्या व्हिडिओ कॉलची वाट बघू लागतो. गावात नेटवर्क फक्त गडग्यावर उभं राहिलं की येतं. त्यामुळे मला दिसतं ते अर्धं आभाळ, माडाचा एक झाप आणि धाकट्याचं आंब्याने माखलेलं तोंड. थोरली यंदा फारशी दिसलीच नाही. तिचा नुसता आवाज यायचा, “बरी आहे.” मेसेज केला की अंगठा.

ती यंदा दहावी झाली. निकाल तिने त्याच गडग्यावर उभं राहून पाहिला. दुपारी एकला साइट उघडेना, मग उघडली तर रेंज गेली. मी इथे ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तिचा बैठक क्रमांक टाकत होतो. दोघांनाही एकदमच दिसला. आई मागून ओरडत होती, “चेडू पास झाला काय नाय ता सांगा आधी!” थोरली रडली, हसली, आणि मी जिन्यात एकटाच पेढा नसलेल्या हाताने उभा राहिलो. तिच्या दहावीच्या निकालाची माझ्याकडची आठवण एवढीच आहे. एक जिना आणि एक हलणारं चित्र.

आता अकरावी, बारावी, प्रवेश परीक्षेचा क्लास. क्लासच्या वेळापत्रकात पुढचा मे आधीच भरलेला आहे. त्यानंतर बहुतेक हॉस्टेल. चौघांचा गावातला लांबलचक मे महिना हा शेवटचा होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी रजा चारच दिवस टाकली. साहेबांनी नाही म्हटलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादाने माटव काढायला घेतला. आमच्याकडे खळ्यावर पोफळीचे खांब उभे करून, वर झापं टाकून मांडव घालतात, तो माटव. उन्हाळाभर घर तिथेच राहतं. दुपारची झोप, काजूच्या बिया फोडणं, रातांबे फोडून सोलं वाळत घालणं, पत्ते, भांडणं, सगळं त्याच्या सावलीत. मिरगाच्या आधी तो काढायचा, झापं मांगरात रचायची, लाकडं पडवीत घ्यायची, आगोट भरायची. पाऊस येण्याआधी कोकणातल्या घरात एक वेगळीच लगबग असते. तिच्यात दुःखाला फारसा वेळ नसतो.

मी शिडीवर होतो, थोरली शिडी धरून खाली. एकेक झाप मी सोडवायचो, ती घ्यायची. प्रत्येक झापागणिक खळ्यात उन्हाचा एक चौकोन वाढत होता. अर्धा माटव झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, तू कधी घालायला का येत नाहीस? दर वेळी काढायलाच येतोस.”

ती चिडून बोलली नव्हती. सहज म्हणाली. मी सुंभाची गाठ सोडवत राहिलो, ती सुटतच नव्हती.

“दिवाळीनंतर घालतात तो,” मी म्हणालो. “तेव्हा तुम्हीही नसताच.”

“हो, मीही कधी बघितला नाही घालताना.” मग थोडं थांबून, “यंदा येऊया?”

“बघू,” मी म्हणालो.

तिने वर पाहिलं आणि हसली. ‘बघू’ म्हणजे काय, हे प्रत्येक घरातल्या मुलाला कळतं. मलाही कळायचं.

त्या रात्री उघड्या खळ्यात आईजवळ बसलो होतो. माटव गेला की खळं एकदम परकं दिसतं. सकाळच्या पळापळीचं बोलणं निघालं आणि आई म्हणाली, “तुझो बापूस त्या रात्री जेवलो नाय. तू फणसावर चढान बसलंस ना, तेव्हा. माका म्हणालो, वर्सभर राबतंय तो कोणासाठी, आणि झील माका बघून पळता.”

तीसएक वर्षं तिने हे मला सांगितलं नव्हतं. बहुधा आधी सांगितलं असतं तर मला कळलंही नसतं.

धाकटा सकाळी बागेतून तासाभराने परत आला होता. मी त्याला काहीच बोललो नव्हतो. नुसता पायरीवर बसून राहिलो, तर तो हळूहळू सरकत जवळ आला आणि खिशातून काजूच्या चार बिया काढून माझ्या हातावर ठेवल्या. “तुझ्यासाठी ठेवलेल्या,” म्हणाला. पळणं आणि ठेवणं, दोन्ही खरं होतं. माझंही तसंच आहे. घर पुन्हा भरणार म्हणून मला आनंद होत होता, आणि तो आनंद मुलांच्या सुट्टीच्या जिवावर होता.

निघायच्या दिवशी संध्याकाळी आई पाणंदीपर्यंत आली. आमच्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. चौघांनी म्हटलं. आईने थोरलीच्या गालावरून हात फिरवला तो जरा जास्त वेळ. तिलाही तिचा हिशेब कळत असणार.

गाडीत फणसाचा वास सगळ्या डब्यात पसरला. वैभववाडीच्या पुढे कुठेतरी पाऊस लागला, खिडक्या धडाधड बंद झाल्या. धाकटा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. बायको उद्या शाळेत काय काय करायचं त्याची यादी करत होती. वरच्या बर्थवरून थोरलीचा हात खाली लोंबत होता. नखांत अजून कोकमाचा लाल रंग होता.

मी फोन काढला. दिवाळीनंतरची तारीख बघितली, तिथून साठ दिवस मागे मोजले. सप्टेंबरमधल्या त्या दिवशी सकाळी पावणेआठचा गजर लावून ठेवला. तिचा क्लास असेल, मला रजा मिळेलच असं नाही, तिला तेव्हा यावंसं वाटेलच असंही नाही. तिला मी काही सांगितलं नाही.

या वेळी मात्र साहेबांना विचारणार आहे.